विषारी वायूची बाधा आणि पुराव्याचें माप

लढाईच्या इतिहासाची गोडी मराठी वाचकास उपजतच आहे. चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं वसईचा कोट कसा घेतला, तटाखालीं सुरुंग कसे पेरले, हें सांगणारा ग्रंथ निघाला कीं तो घरोघर वाचला जातो. परंतु लढाई संपल्यावर तीच लढाई शिपायाच्या शरीरांत पुढें तीस-चाळीस वर्षें कशी चालूं राहते, हा विषय आपल्या वाङ्मयाच्या कक्षेंत अद्याप फारसा आलेला नाहीं. असले ग्रंथ वैद्यांनीं, वकिलांनीं आणि पेन्शन-कचेरींतील कारकुनांनीं वाचावे, अशी आपली समजूत दिसते. आम्हांस ती मान्य नाहीं. ज्या ग्रंथांत माणसाच्या दुःखाचें माप घेण्याचा प्रयत्न केलेला असतो, त्यांतील माप खरें आहे कीं खोटें हें तपासण्याचा अधिकार प्रत्येक सुशिक्षित वाचकास आहे. आणि टीकाकाराचें तर तें कर्तव्यच आहे.

आमच्यापुढें मुख्यतः एक ग्रंथ आहे. ‘व्हेटरन्स अ‍ॅट रिस्क’ हें त्याचें नांव. मस्टर्ड वायु आणि लेविसाइट यांचे माणसाच्या प्रकृतीवर होणारे परिणाम हा त्याचा विषय असून, अमेरिकेंतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेनें नेमलेल्या मंडळाचा हा अहवाल १९९३ सालीं प्रसिद्ध झाला. कॉन्स्टन्स पेचुरा आणि डेव्हिड रॉल हे त्याचे संपादक. तीस वर्षांपूर्वींच्या ग्रंथाचें परीक्षण आतां कशासाठीं, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर असें, कीं या ग्रंथानें घालून दिलेली पुराव्याची रीत पुढें अनेक वादांत वापरली गेली, आणि ज्या हिंदी शिपायांस ती रीत सर्वांत आधीं लावावयास हवी होती त्यांना ती आजपर्यंत लागलेली नाहीं.

प्रथम विषाची ओळख करून घेऊं. मस्टर्ड वायु हा नांवाप्रमाणें वायु नाहीं आणि मोहरीशींही त्याचा कांहीं संबंध नाहीं. तो एक तेलकट द्रव आहे. त्यास मोहरीसारखा किंवा लसणीसारखा वास येतो, म्हणून सैनिकांनीं हें नांव पाडलें. १९१७ च्या जुलै महिन्यांत जर्मनांनीं बेल्जममधील ईप्र या गांवाजवळ तो प्रथम वापरला. अंगावर पडला असतां तत्काळ कांहीं कळत नाहीं. कांहीं तास लोटल्यावर कातडी लाल होते, फोड येतात, डोळे सुजून मिटतात, घसा बसतो. घामानें ओलसर असलेल्या जागीं, म्हणजे काखेंत, जांघेंत, त्याचा दंश अधिक कडक असतो. त्यामुळें उष्ण देशांतील शिपायास तो अधिकच जाचतो. परंतु याहून वाईट गोष्ट अशी, कीं पेशींतील ज्या द्रव्यावर आनुवंशिक गुण लिहिलेले असतात त्यासच हें विष चिकटतें. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गांत त्याची गणना केली आहे. सारांश, उशिरा प्रकट होणें हा या विषाचा स्वभावच होय. फोड तासांनीं येतात आणि कर्करोग दशकांनीं येतो. तोंपर्यंत शिपाई घरीं परतलेला असतो, पलटणीचे कागद दप्तरांत बांधले गेलेले असतात, आणि खोकल्याचें कारण विचारल्यास शेजारी विडीकडे बोट दाखवितात.

अहवालाच्या मुळाशीं असलेली हकीकत थोडक्यांत अशी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेनें आपल्याच सुमारें ६०,००० सैनिकांवर या विषांचे प्रयोग केले. बहुतेकांच्या हातावर एखादा थेंब लावण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. परंतु निदान ४,००० माणसांस वायूनें भरलेल्या खोल्यांत कोंडून किंवा विष फवारलेल्या मैदानावर चालवून जबर बाधा घडविण्यांत आली. कातडी लाल होईपर्यंत त्याच माणसास पुनःपुन्हां खोलींत धाडावें, अशीही एक रीत होती. या सर्वांस मौनाची ताकीद होती, आणि पुष्कळांनीं ती इतकी पाळली कीं स्वतःच्या वैद्यासही त्यांनीं कांहीं सांगितलें नाहीं. पुढें १९९१ सालीं सरकारनें या प्रयोगांची जबाबदारी उघड मान्य केली, आणि कोणते रोग या विषामुळें होतात तें ठरविण्याचें काम या मंडळाकडे आलें.

मंडळाची अडचण उघड होती. ज्या चार हजार माणसांविषयीं निर्णय द्यावयाचा, त्यांचीच प्रकृति प्रयोगानंतर कोणी तपासलेली नव्हती. अशा वेळीं दुबळा लेखक हात वर करून मोकळा झाला असता. या मंडळानें तसें केलें नाहीं, आणि येथें या ग्रंथाचा पहिला मोठा गुण दिसून येतो. त्यांनीं पुरावा इतरत्र शोधला. पहिल्या महायुद्धांत वायु लागलेले सैनिक, इंग्लंडांतील वायु-कारखान्यांतले मजूर, जपानांतील ओकुनोशिमा बेटावर १९२९ पासून १९४५ पर्यंत चाललेल्या कारखान्यांतले कामगार, इराण-इराक युद्धांत भाजलेली माणसें, आणि प्रयोगशाळेंतील जनावरें, असे पांच निरनिराळे साक्षीदार त्यांनीं उभे केले. ओकुनोशिमाच्या कामगारांत फुप्फुसाच्या आणि श्वासनलिकेच्या कर्करोगाचें प्रमाण स्पष्ट वाढलेलें आढळलें होतें. जो प्रश्न एका गटास विचारतां येत नाहीं तो त्याच विषानें पोळलेल्या दुसऱ्या गटास विचारावा, ही युक्ति साधी आहे; पण ती कसोशीनें वापरणारे थोडे.

या साक्षींवरून मंडळानें रोगांचे तीन ढीग केले. पहिल्या ढिगांत विषाशीं ज्यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झाला असे रोग: श्वसनमार्गाचे व त्वचेचे कर्करोग, जुनाट दमा व खोकला, डोळ्यांच्या बुबुळावर पुनःपुन्हां होणारे व्रण, त्वचेवरील न भरणाऱ्या जखमा व डाग, आणि कित्येक मानसिक विकार. दुसऱ्या ढिगांत संबंधाची सूचना मिळते पण सिद्धि होत नाहीं असे. तिसऱ्या ढिगांत ज्यांच्याविषयीं पुरावाच अपुरा आहे असे. हृदयाचे, मज्जातंतूंचे आणि पोटाचे विकार यांत येतात. मानसिक विकार पहिल्या ढिगांत घालण्याचें धैर्य मंडळानें दाखविलें, याबद्दल आम्ही त्याचें विशेष अभिनंदन करतों. बंद खोलींत विषाशीं कोंडून घातलेल्या आणि नंतर पन्नास वर्षें गप्प बसविलेल्या माणसाच्या मनास कांहींच झालें नसेल, असें मानणें हीच मुळीं अशास्त्रीय गोष्ट झाली असती.

आतां दोषांकडे वळूं. ग्रंथाची भाषा अहवालाची आहे, आणि तिला नटविण्याची अपेक्षा आम्ही करीत नाहीं. परंतु तिसऱ्या ढिगाचें नांव ठेवतांना जी सावधगिरी हवी होती ती पुरेशी घेतलेली दिसत नाहीं. ‘पुरावा अपुरा’ या शब्दांचा अर्थ वैद्य एक करतो आणि कारकून दुसरा करतो. वैद्याच्या मनांत येतें, कीं अजून शोध घ्यावयास हवा. कारकून मात्र अर्जावर लिहितो, कीं संबंध नाहीं. मंडळानें पाठपुराव्याच्या अभावाबद्दल कडक शब्दांत खेद केला आहे हें खरें. तरी ज्यानें प्रयोग केला त्यानेंच नोंद ठेवली नाहीं, आणि नोंद नाहीं म्हणून पुरावा अपुरा पडला, तर त्या अपुरेपणाचा तोटा कोणाच्या पदरीं बांधावयाचा, हा प्रश्न ग्रंथाच्या प्रत्येक पानामागें उभा असतां त्यास सरळ उत्तर मिळत नाहीं. पुढें काय झालें तेंही बोलकें आहे. अहवालानंतर भरपाईस पात्र रोगांची यादी वाढली; परंतु त्या चार हजारांपैकीं केवळ ६१० जणांस सरकारनें पत्र धाडलें, तेंही एकेकच, असें २०१५ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय नभोवाणीनें शोधून काढलें. सिद्धांत ग्रंथांत राहिला आणि माणसें बाहेर राहिलीं.

दुसरा दोष म्हणण्यापेक्षां ती या ग्रंथाची सीमा आहे; पण आपल्याला ती सर्वांत अधिक लागते. तीच विषें, त्याच काळांत, हिंदी शिपायांवरही वापरलीं गेलीं. इंग्लंडांतील पोर्टन डाउन या युद्ध-रसायनांच्या संशोधनकेंद्राच्या शास्त्रज्ञांनीं रावळपिंडी येथील लष्करी ठाण्यांत, दुसऱ्या महायुद्धापूर्वीं आणि त्या युद्धांतही, दहांहून अधिक वर्षें हे प्रयोग चालविले. शेंकडों हिंदी शिपाई वायूच्या खोल्यांत धाडले गेले. कित्येकांच्या अंगावर अर्धी चड्डी आणि सुती सदरा एवढेंच होतें. गोऱ्या कातडीपेक्षां हिंदी कातडी मस्टर्डनें कमी पोळते कीं अधिक, हें पाहणें हा त्यांतला एक उद्देश होता. भाजलेल्यांपैकीं कांहींना रुग्णालयांत ठेवावें लागलें, आणि नंतर त्यांच्या प्रकृतीची विचारपूस झाली नाहीं. ब्रिटिश राष्ट्रीय दप्तरखान्यांतील कागदांवरून ही हकीकत ‘गार्डियन’ पत्रानें २००७ सालीं उघड केली, तेव्हां त्यांतले बहुतेक शिपाई हयात असण्याची आशा संपली होती.

या संदर्भांत आणखी दोन ग्रंथांचा उल्लेख अवश्य आहे. उल्फ श्मिट यांचा ‘सीक्रेट सायन्स’ (२०१५) हा पोर्टन डाउनच्या आणि एकंदर विषयुद्धाच्या शंभर वर्षांचा इतिहास होय. रोनाल्ड मॅडिसन हा वीस वर्षांचा विमानदलांतील सैनिक ६ मे १९५३ रोजीं हातावर सरिन विष टाकल्यामुळें मेला, आणि त्या मृत्यूस बेकायदा वध हें नांव मिळावयास २००४ साल उजाडावें लागलें; ती कथा श्मिट यांनीं संयमानें मांडली आहे. सुसान स्मिथ यांच्या ‘टॉक्सिक एक्स्पोजर्स’ (२०१७) या ग्रंथांत अमेरिकेनें काळ्या, जपानी वंशाच्या आणि पोर्तोरिकोच्या सैनिकांवर वंशभेद पाहण्यासाठीं केलेल्या प्रयोगांचें विवेचन आहे, आणि याच विषाच्या कुळांतील नायट्रोजन मस्टर्डपासून १९४२ सालीं येल विद्यापीठांत कर्करोगावरील औषधाचा उगम कसा झाला तेंही आहे. स्मिथबाई औषधाचें श्रेय नाकारीत नाहींत आणि त्या श्रेयाखालीं सैनिकाचें दुःख झांकूंही देत नाहींत. तिघांत लेखनाच्या दृष्टीनें हा ग्रंथ आम्हांस सरस वाटला.

नोंद ठेवण्यानें काय साधतें, याचें उदाहरण इंग्लंडांतच मिळतें. ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं पोर्टन डाउन येथें १९४१ ते १९८९ या काळांत प्रयोगास बसलेले १८,२७६ सैनिक आणि प्रयोगास न बसलेले १७,६०० सैनिक यांची जन्मभराची तुलना केली, आणि तिचा निष्कर्ष २००९ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें छापला. प्रयोगास बसलेल्यांत मृत्यूचें प्रमाण १.०६ पट, म्हणजे किंचित् अधिक, आढळलें. कर्करोगाचें प्रमाण एकंदरींत वाढलेलें आढळलें नाहीं. हा निष्कर्ष ऐकून कित्येक वाचकांची निराशा होईल. आमची झाली नाहीं. हजारों म्हाताऱ्या माणसांस आणि त्यांच्या बायकामुलांस त्यानें धीर दिला असेल, आणि भीति निराधार असेल तर ती दूर करणें हेंही शास्त्राचें पुण्यकर्मच आहे. मात्र ही सर्वांची सरासरी आहे, हें विसरूं नये. हातावर एक थेंब घेतलेले हजारों आणि खोलींत कोंडलेले थोडे यांची सरासरी काढली असतां थोड्यांची जबर बाधा तींत विरून जाऊं शकते. आणि मुख्य गोष्ट ही, कीं एवढी तुलना करतां आली ती नांवनिशीवार नोंदवही होती म्हणून. रावळपिंडीच्या शिपायांस ना धीर मिळाला, ना भरपाई. जानेवारी २००८ मध्यें ब्रिटिश सरकारनें ३६० माजी सैनिकांस मिळून तीस लक्ष पौंड दिले, ते पोर्टन डाउनच्या खोल्यांत बसलेल्या इंग्रज सैनिकांस.

नोंद नसतांना मागाहून बाधेचा अंदाज बांधणें किती कठीण असतें, तें आखाती युद्धानंतर दिसून आलें. मार्च १९९१ मध्यें अमेरिकन सैन्यानें इराकांतील खामिसिया येथील दारूगोळा उडविला. त्यांत सरिन भरलेले अग्निबाण होते हें नंतर कळलें. मग वारा कोणत्या दिशेनें वाहत होता, ढग कोठवर गेला, याचीं गणितें मांडून सुमारें एक लाख सैनिकांस, तुम्हांला बाधा झाली असणें शक्य आहे, असें कळविण्यांत आलें. पुढें २००४ सालीं अमेरिकन संसदेच्या हिशेबतपासणी खात्यानेंच हीं गणितें भरंवशाचीं नाहींत असा अभिप्राय दिला. वाऱ्याची दिशा, माणसाची जागा आणि विषाचें मान या तीन गोष्टी घटनेच्या वेळीं लिहून ठेवल्या नाहींत, तर मागाहून कितीही बुद्धि खर्चिली तरी हातीं अंदाजच राहतो.

हें सर्व आम्ही गोखिवऱ्यास बसून लिहितों, आणि येथें बसून तें परकें वाटत नाहीं. एका बाजूस तुंगारेश्वराचा डोंगर, दुसऱ्या बाजूस कारखान्यांचे गाळे, आणि भोयदापाड्यास साऱ्या शहराच्या कचऱ्याचा ढीग, अशी या गांवाची आजची रचना आहे. ढीग पेटतो तेव्हां त्याचा धूर कोणत्या आळींत किती दिवस राहिला, याची वही कोणत्याही घरांत नसते. अमेरिकेनें इराक आणि अफगाणिस्तान येथील तळांवर उघड्या खड्ड्यांत कचरा जाळला. त्या धुरांत राहिलेल्या सैनिकांचे वीसांहून अधिक रोग सेवेमुळेंच झाले असें गृहीत धरणारा कायदा ऑगस्ट २०२२ मध्यें झाला. सैनिकाच्या हातीं निदान पलटणीचा कागद असतो. अमुक महिन्यांत अमुक तळावर होतो एवढें तो सिद्ध करूं शकतो. गृहस्थाच्या हातीं तेंही नसतें. म्हणून हा विषय केवळ लष्कराचा आहे असें समजून वाचकांनीं पान उलटूं नये. मुलाचा खोकला, वैद्याची चिठ्ठी, धुराची तारीख, या तीन गोष्टी घरच्या वहींत एकत्र लिहिलेल्या असल्या तर वीस वर्षांनीं त्यांचें मोल कळेल.

येथें एक आक्षेप न्यायबुद्धीनें विचारांत घेतला पाहिजे. प्रत्येक संशयास भरपाई दिली तर ज्यास खरोखर बाधा झाली त्याचा वांटा ज्यास झाली नाहीं त्याजबरोबर वाटला जाईल. शिवाय प्रत्येक दुखण्याचें खापर वायूवर फोडल्यास क्षय, विडी, गिरणीची धूळ हीं खरीं कारणें नजरेआड होतील. आक्षेप खोटा नाहीं. परंतु त्यांत दोन निराळे प्रश्न एकत्र झाले आहेत. या विषानें हा रोग होतो काय, हा शास्त्राचा प्रश्न. त्यास शास्त्रानेंच, घाई न करतां उत्तर द्यावें. उत्तर येईपर्यंत संशयाचें ओझें कोणीं वाहावें, हा न्यायाचा प्रश्न. त्यासाठीं शास्त्राची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २ जुलै २०१३ रोजीं धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यांत हा भेद स्वच्छ ओळखला. भरती होतेवेळीं शिपायाच्या कागदावर रोगाची नोंद नसेल, तर पुढें उद्भवलेला रोग सेवेमुळें झाला असें १९८२ च्या नियमांप्रमाणें मानावें. तसा तो झाला नाहीं हें दाखविण्याची जबाबदारी सरकारची. आणि संशयाचा फायदा शिपायास मिळावा, असा त्याचा आशय आहे. पुढें २०२३ सालीं सरकारनें या बाबतींत नवे नियम केले. पण ज्याच्या हातीं वही त्याच्या माथीं पुराव्याचा भार, हें तत्त्व नियमांहून जुनें आणि नियमांहून टिकाऊ आहे. ‘व्हेटरन्स अ‍ॅट रिस्क’ या ग्रंथांत नेमकें हेंच एक प्रकरण कमी आहे.

सातारा जिल्ह्यांतील अपशिंगे या गांवचे ४६ जण पहिल्या महायुद्धांत कामास आले. अशा गांवांतून इंग्रजी राज्यानें त्या युद्धानंतर संगमरवरी पाट्या बसविल्या. तींवर किती माणसें गेलीं आणि किती परतलीं नाहींत, एवढे दोनच आंकडे असत. परतलेल्यांपैकीं किती जण पुढें धापा टाकीत जगले, हा तिसरा आंकडा कोणत्याही पाटीवर कोरलेला नाहीं. मराठी वाङ्मयानेंही पहिल्या दोन आंकड्यांचे पोवाडे गाइले आणि तिसऱ्याकडे पाठ फिरविली.

एकंदरींत पाहतां हा ग्रंथ प्रामाणिक, परिश्रमपूर्वक लिहिलेला आणि आपल्या मर्यादेंत निर्भय आहे. त्याची रीत घ्यावी, आणि पुराव्याच्या अपुरेपणाचा भार कोणावर घालावयाचा या बाबतींतलें त्याचें मौन सोडून द्यावें. स्मिथबाईंचा ग्रंथ आधीं वाचून मग हा वाचल्यास सामान्य वाचकास तो जड जाणार नाहीं. रावळपिंडीचे कागद लंडनच्या दप्तरखान्यांत उघडे आहेत. कोणी मराठी वैद्य किंवा इतिहासज्ञ ते वाचून, आपल्या पलटणींच्या गांवांतील म्हाताऱ्यांच्या आठवणींशीं ताडून, एक सरळ ग्रंथ लिहील तर त्यास वाचक मिळतील अशी आमची खात्री आहे; आणि त्याचें परीक्षण करण्यास आम्ही उत्सुक आहों.